जगतशेठ ही पदवी आणि ती लावणारं घराणं: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्यांवर कुठेही बोला, शेवटी प्रश्न येतात ते स्वारी नेणाऱ्या भास्करपंतांवर कमी आणि जगतशेठांवर जास्त. पैशाचा विषय आहे, साहजिकच आहे. तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत विचारले जातात, साधारण त्याच शब्दांत दिले आहेत.

जगतशेठ हे माणसाचं नाव होतं का?

नाही, पदवी. ती मुर्शिदाबादच्या एका ओसवाल सावकारी घराण्यातल्या कर्त्या पुरुषाला असायची. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये मात्र सगळ्या पिढ्या एकत्र कालवून एकच माणूस केलेला असतो. तोच मुर्शिदकुलीखानाचा मित्र, त्यालाच मराठे लुटतात, तोच प्लासीचा कट करतो आणि मरतोही तोच. प्रत्यक्षात मित्र होते ते माणिकचंद. मराठ्यांनी पेढी लुटली तेव्हा कर्ते होते फत्तेचंद. प्लासीच्या वेळी होते फत्तेचंदांचे नातू महताबराय. इतिहास वाचताना नुसतं 'जगतशेठ' दिसलं, तर आधी साल बघायचं आणि मग माणूस ठरवायचा.

ते मूळचे नागपूरचे होते म्हणे?

नागौरचे. मारवाडातलं नागौर. जुन्या जैन परंपरेत त्या गावाला 'नागपूर' असंही म्हणत, त्यातून हा घोळ होतो. घराण्याचे मूळपुरुष हिरानंद शाहू सतराव्या शतकाच्या मध्याला नागौर सोडून पाटण्याला गेले आणि तिथे व्यापार-सावकारी सुरू केली. मुलगे वेगवेगळ्या शहरांत पांगले, त्यातले माणिकचंद ढाक्याला गेले. बंगालचा दिवाण मुर्शिदकुलीखान याच्याशी त्यांचं सूत जमलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खानानं कचेरी ढाक्याहून मकसुदाबादेला हलवली, म्हणजे पुढच्या मुर्शिदाबादला, तेव्हा माणिकचंदही बिऱ्हाड-पेढीसकट तिकडे गेले. नवी राजधानी, नवा दिवाण आणि शेजारी त्याचा सावकार. पुढचं सगळं या शेजारातून निघालं.

पदवी कुणी दिली, केव्हा दिली?

दिल्लीच्या बादशहानं, दोन टप्प्यांत. आधी फर्रुखसियरच्या काळात (१७१३ ते १७१९) माणिकचंदांना 'शेठ' ही पदवी मिळाली. आपल्याकडे आज कुणालाही शेठ म्हणतात, तेव्हा त्यासाठी बादशाही फर्मान लागत होतं. माणिकचंदांना मुलगा नव्हता. त्यांनी भाचा फत्तेचंद दत्तक घेतला आणि या फत्तेचंदांना महंमदशहानं 'जगतशेठ' केलं. साल बहुतेक ठिकाणी १७२३ दिलेलं असतं, कुणी एखादं वर्ष मागे-पुढे करतं.

म्हणजे त्यानंतर ती आपोआप बापाकडून मुलाकडे जात राहिली?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. 'वंशपरंपरागत' म्हटलं की आपल्याला वाटतं, घराच्या सातबाऱ्यासारखं वारसाच्या नावावर चढलं की झालं. तसं नव्हतं. घराण्याचा हक्क मान्य असला तरी नव्या कर्त्याला नवं फर्मान आणावं लागे. नजराणा पाठवायचा, खिलत (मानाचा पोशाख) घ्यायची, मग पदवी लावायची. फत्तेचंद १७४४ मध्ये वारले. नातू महताबराय पेढीवर बसले, पण 'जगतशेठ' म्हणून बादशाही मान्यता त्यांना पुढे १७४८ मध्ये मिळाली. त्यांचे चुलतभाऊ स्वरूपचंद यांना 'महाराजा' ही वेगळी पदवी मिळाली. पेढी दोघांची, मान मात्र वेगवेगळा.

नागपूरकरांना हे खरं तर ओळखीचं वाटायला हवं. भोसल्यांची 'सेनासाहेब सुभा' ही पदवी घराण्यात चालत आलेलीच होती. तरी १७५५ मध्ये पहिले रघूजी गेल्यावर त्यांचे मुलगे जानोजी आणि मुधोजी यांच्यात तिच्यावरून जुंपली. निवाडा पुण्याला पेशव्यांकडे गेला, नजराणा ठरला, आणि जानोजींना सेनासाहेब सुभा, मुधोजींना सेनाधुरंधर असं वाटप झालं. पदवी घरातली, पण शिक्का बाहेरचा. देणाऱ्याला त्यातून दर पिढीला रक्कम मिळे आणि घेणारा आपल्या शब्दात राहतो याची खात्रीही मिळे.

जगतशेठांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. बादशहा पदवी देत होता खरा, पण बंगालचा वसूल दिल्लीला पोचत होता तो जगतशेठांच्या हुंडीनं (एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी उचलायचा कागद). त्यामुळे या व्यवहारात कोण कुणावर उपकार करत होतं, हा प्रश्नच आहे.

पण एवढा पैसा आणायचे कुठून?

तीन ठिकाणांहून: वसूल, टांकसाळ आणि उधारी.

वसुलाचं आधी. बंगालचा सारा दरवर्षी दिल्लीला जायचा. कोटभर रुपयांची नाणी बैलगाड्यांवर लादून दीड हजार किलोमीटर न्यायची म्हणजे वाटेत निम्मी लुटली जायची. त्याऐवजी मुर्शिदाबादच्या पेढीत रक्कम भरायची आणि दिल्लीच्या पेढीवर हुंडी काढायची. कागद जातो, नाणी जागेवर राहतात. पेढीला हुंडणावळ मिळते आणि शिवाय तेवढे दिवस रक्कम हाताशी खेळती राहते. जमीनदार वेळेत सारा भरू शकला नाही, तर त्याच्या वतीनं भरणारेही हेच, त्याचं व्याज वेगळं.

टांकसाळीचा भाग समजायला जरा वेळ लागतो, पण खरी मेख तिथे आहे. त्या काळी रुपया जुना झाला की त्याची किंमत उतरायची. झिजला म्हणून नाही, नुसतं वर्ष उलटलं म्हणून. चालू सालाचा सिक्का रुपया पूर्ण भावाचा. पुढच्या साली त्यावर शेकडा तीन बट्टा, त्याच्या पुढच्या साली पाच, आणि मग तो 'सनौत' म्हणून कायमचा उतरलेला. सरकारात सारा भरायचा तो चालू सिक्क्यातच. शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या हातात असायचे जुने रुपये, नाहीतर मद्रासकडचे आर्काट रुपये. ते सराफाकडे न्यायचे, बट्टा सोसायचा, नवे घ्यायचे. आज फाटकी नोट बदलून देणारा शंभराचे नव्वद हातावर ठेवतो, तोच प्रकार, फक्त इथे अख्ख्या सुभ्याची सगळी नाणी दरवर्षी 'फाटत' होती. आणि बदलून घेतलेली जुनी चांदी ज्या मुर्शिदाबादच्या टांकसाळीत पुन्हा ठोकली जायची, तिच्यावर ताबा जगतशेठांचा. परदेशी कंपन्या जहाजं भरभरून चांदी आणत, तीही बहुतेक यांच्याच दारात येई, यांच्याच भावानं.

इंग्रजांना हे इतकं बोचत होतं की १७१७ च्या बादशाही फर्मानात त्यांनी मुर्शिदाबादच्या टांकसाळीत नाणी पाडून घेण्याची सवलत मिळवली. मुर्शिदकुलीखानानं फर्मान वाचलं आणि ती सवलत दिली नाही. फर्मान दिल्लीचं असलं तरी टांकसाळ मुर्शिदाबादची होती.

उधारीबद्दल एवढंच, की इंग्रज, डच, फ्रेंच सगळे यांचे ऋणको होते. एकमेकांशी लढायलाही ते याच पेढीकडून पैसे उचलत.

भोसल्यांनी जगतशेठांना लुटलं, हे खरं का?

खरं. मे १७४२.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे आपले भास्करपंत, त्या वर्षी बंगालमध्ये उतरले. रघूजी स्वतः या स्वारीत नव्हते. ओरिसाहून परतणाऱ्या नवाब अलीवर्दीखानाला मराठ्यांनी बर्दवानजवळ कोंडलं. अलीवर्दी रसद तुटलेल्या अवस्थेत लढत लढत काटव्याकडे सरकला. त्याच्याच बाजूचा मीर हबीब नावाचा इराणी सरदार या धामधुमीत मराठ्यांना येऊन मिळाला. त्याला मुर्शिदाबादची गल्लीन् गल्ली ठाऊक होती. नवाब इकडे, राजधानी उघडी, हे त्यानं भास्करपंतांच्या गळी उतरवलं आणि सातशेएक घोडेस्वार घेऊन रातोरात मुर्शिदाबाद गाठलं. दिवसभरात शहराचा काही भाग आणि जगतशेठांची कोठी लुटून ही मंडळी निघाली. अलीवर्दी दुसऱ्या दिवशी पोचला.

किती लुटलं? इथे आकडे तीन लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. दोन कोटींचा आकडा फार्सी बखरकार गुलाम हुसेन यांचा, आणि ते सगळे आर्काट रुपये होते असं ते सांगतात. मला स्वतःला तो फुगवलेला वाटतो. दोन कोटी रुपयांची चांदी भरते दोन लाख किलोंच्या वर. सातशे घोड्यांना वाटून द्या आणि भागाकार करून बघा. तीन लाख घोड्यावर घालून पळता येतात. 'आर्काट रुपये' हा तपशील मात्र पटण्यासारखा आहे. बट्ट्याला आलेली, टांकसाळीत जायची वाट बघणारी नाणीच कोठीत पडून असणार.

आणि हेही सांगायलाच हवं, कारण नागपुरात ते सहसा सांगत नाहीत. लुटले गेले ते केवळ जगतशेठ नव्हेत. पश्चिम बंगालची खेडी पुढची काही वर्षं या स्वाऱ्यांत होरपळली. 'बर्गी', म्हणजे बारगीर, हे नाव तिकडे आजही धास्तीनं घेतात. जगतशेठांची तिजोरी पुन्हा भरली. जळालेल्या गावांना तिजोऱ्या नव्हत्या.

ती लूट नागपुरात आली का? अमुक वाडा त्याच पैशातून बांधला म्हणतात.

म्हणतात खरं. आधार दाखवा म्हटलं की सांगणारा विषय बदलतो. फौजेचा थकलेला पगार, शिलेदारांचा वाटा, मोहिमेसाठी आधीच काढलेलं कर्ज, हे सगळं लुटीतून आधी वजा व्हायचं. शिवाय भास्करपंत त्या लुटीनंतर लगेच नागपूरला परतले नाहीत, काटव्यालाच तळ देऊन राहिले आणि नवरात्रात अलीवर्दीनं तिथे त्यांच्यावर अचानक छापा घातला. पुढे ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा इथे भेटीला बोलावून त्यांना सरदारांसह मारलं.

नागपूरला बंगालकडून नियमित रक्कम मिळू लागली ती १७५१ च्या तहानं: सालाना बारा लाख चौथाई, शिवाय ओरिसा. तो करार होता, लूट नव्हे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे वसुलाचा हक्क, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि चौथाईही थांबली. जानोजी पुढे वर्षानुवर्षं ती मागत राहिले.

त्या लुटीनं पेढी बुडाली नाही?

नाही. गुलाम हुसेन सांगतात, एवढं होऊनही पेढी कोटी-कोटीच्या हुंड्या पूर्वीसारख्याच काढत होती. सावकाराची खरी मिळकत तिजोरीत नसते, त्याच्या हुंडीवर लोक पैसे मोजतात त्यात असते. 'जगतशेठ' ही पदवी धंद्याला उपयोगी पडायची ती इथे. सुरतेचा किंवा दिल्लीचा अनोळखी सराफ हुंडीवरचं ते नाव बघून पैसे देत असे.

प्लासीच्या कटात जगतशेठ होते. मग ते गद्दार का नाहीत?

कटात होते, यात वाद नाही. सिराजउद्दौलानं महताबरायांना भर दरबारात थप्पड मारली, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. थप्पड बाजूला ठेवली तरी नव्या नवाबाच्या हाताखाली आपली मालमत्ता सुरक्षित नाही, एवढं त्यांना कळलं होतं. नवाब बदलणं या घराण्याला नवंही नव्हतं. १७४० मध्ये सरफराजखानाला हटवून अलीवर्दीला गादीवर बसवण्यात फत्तेचंदांचा हात होताच. महताबरायांना वाटलं, आजोबांनी केलं तेच आपण करतोय. या वेळी भागीदार कंपनी होती, हा फरक त्यांच्या हिशेबात बसला नाही. देशद्रोह वगैरे शब्द १७५७ च्या सावकाराला लावणं मला पटत नाही. धंद्यातली घोडचूक म्हणा, ते चालेल.

घोडचूक किती मोठी, ते त्याच वर्षी दिसलं. फेब्रुवारी १७५७ मध्ये सिराजशी झालेल्या अलीनगरच्या तहात कंपनीनं कलकत्त्याला स्वतःची टांकसाळ मिळवली आणि प्लासीनंतर मीर जाफरनं ती कायम केली. म्हणजे ज्या टांकसाळीवर घराणं उभं होतं, तिची सवत आली. २३ जूनला लढाई झाली आणि ३० जूनला क्लाइव्ह, मीर जाफर मंडळी देण्याघेण्याचा हिशेब करायला बसली ती जगतशेठांच्याच घरी. कटातला दुसरा सावकार अमीचंद याला दाखवलेला लाल कागदावरचा करार बनावट होता, हे त्याला तिथेच सांगण्यात आलं. इंग्रज सावकाराला कसं फसवतात, याचं प्रात्यक्षिक महताबरायांच्या दिवाणखान्यात झालं. त्यांनी बोध घेतला असेल तर तो पुढे कुठे दिसत नाही.

महताबराय आणि स्वरूपचंद यांचं काय झालं?

१७६३ मध्ये नवाब मीर कासीम आणि कंपनी यांचं युद्ध पेटलं. हे दोघे इंग्रजांना मिळालेले आहेत असं धरून मीर कासीमनं त्यांना आधीच मुंगेरला नेऊन ठेवलं होतं. हरत चालल्यावर त्यानं दोघांना ठार केलं.

पुढे पदवी कशी संपली?

झटक्यात संपली नाही, विरत गेली. महताबरायांचे चिरंजीव खुशालचंद यांना १७६६ मध्ये शहाआलम बादशहानं 'जगतशेठ' केलं. पण बादशहा तेव्हा स्वतः अलाहाबादेत कंपनीच्या पेन्शनीवर होता. वर्षभर आधी दिवाणी कंपनीकडे गेली होती, म्हणजे वसूल गेला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं खजिना मुर्शिदाबादहून कलकत्त्याला हलवला, म्हणजे उरलंसुरलं सरकारी कामही गेलं.

खुशालचंदांनी दत्तक घेतलेल्या हरखचंदांना पदवी मिळाली ती कंपनीकडून. दिल्लीला कुणी विचारलंही नाही. याच हरखचंदांच्या वेळी घराणं जैन धर्म सोडून वैष्णव झालं. त्यांचे चिरंजीव इंद्रचंद यांच्यानंतर मात्र कुणाला ती सरकारी रीतीनं मिळाली नाही. पुढच्या पिढीतल्या गोविंदचंदांवर दागिने विकायची पाळी आली आणि अखेर कंपनीनं त्यांना महिना १२०० रुपये नेमून दिले. ज्या कंपनीनं या घरातून लाखांनी कर्ज उचललं, तिच्याच पेन्शनीवर घर आलं. लोक या घरातल्यांना नंतरही जगतशेठच म्हणत राहिले, ते वेगळं.

नागपूरच्या शेठ-सावकारांना अशी पिढीजात पदवी कुणाला होती का?

राजघराण्याला होती. १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं आणि १८५७ च्या बंडाळीनंतर भोसल्यांचे दत्तक वारस जानोजी (वर आलेले जानोजी वेगळे) यांना 'देऊरचे राजा बहादूर' ही पदवी इंग्रजांनी दिली, ती पुढे चालली.

व्यापाऱ्यांना ज्या मिळाल्या त्या एका जन्मापुरत्या. कामठीच्या बन्सीलाल अबीरचंद पेढीचे कस्तुरचंद डागा, ज्यांच्या नावाचं कस्तुरचंद पार्क आहे, दिवाण बहादूर झाले, सर झाले. पण ते त्यांचं स्वतःचं होतं, मुलाला वारशानं येणारं नव्हतं. सर माणेकजी दादाभॉय यांचंही तसंच.

वैदर्भीय डोकं बघा मात्र. पदवी मुलाला देता येत नाही ना, मग ती पेढीला द्या! माणूस गेला तरी फर्मचं नाव चालूच. 'रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद' या नावानं हिंगणघाटला सूतगिरणी होती. तिथलीच मोहता मिल सगळ्यांना 'आरएसआर' म्हणून माहीत. त्यातला 'आरएस' म्हणजे रायसाहेब, आणि शेवटचा 'आर' रेखचंदांचा. तुमसरच्या मँगनीजवाल्या श्रीराम दुर्गाप्रसाद पेढीच्या नावामागेही 'आर. बी.' आहे. बिलबुकावर, गेटवर, बारदानावर ठोकलेल्या या रायबहादुरक्या इंग्रज गेल्यावरही कितीतरी वर्षं नांदल्या.

खरीखुरी पिढीजात पदवी इंग्रज देत ती बॅरोनेट. ती मुंबईच्या जमशेटजी जिजीभॉय यांना १८५७ मध्ये आणि अहमदाबादच्या चिनुभाई माधवलाल यांना १९१३ मध्ये मिळाली. त्यात अट अशी, की मानाला साजेशी मालमत्ता ट्रस्टमध्ये बांधून ठेवायची आणि प्रत्येक वारसानं मूळ पुरुषाचंच नाव लावायचं. जगतशेठांच्या मागे अशी बांधलेली मालमत्ता असती तर गोविंदचंदांना दागिने काढावे लागले नसते, असं राहून राहून वाटतं.

आज कुणी 'जगतशेठ' ही पदवी लावू शकतं का?

घरच्या लग्नपत्रिकेवर छापायला कोण अडवणार? पण राज्यघटनेच्या कलम १८ प्रमाणे लष्करी किंवा शैक्षणिक सन्मान सोडून कोणताही किताब राज्यसंस्था देऊ शकत नाही. म्हणजे नवा जगतशेठ होणे नाही. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. म्हणून ते नावाच्या आधी लावायचे नसतात, तरी लावणारे लावतात.

मुर्शिदाबादला गेलो तर काय बघायला मिळेल?

मूळ कोठी नाही. ती महिमापूरला भागीरथीच्या काठावर होती. बरीचशी नदीनं नेली, उरलेली १८९७ च्या भूकंपात पडली. सध्या 'जगतशेठांचं घर' म्हणून दाखवतात ते एक छोटं संग्रहालय आहे. नाणी, भांडी, कागद, आवारात मंदिर. तिथून जवळ असलेला भव्य कठगोला बाग हा जगतशेठांचाच, असं टोटोवाला (ई-रिक्षावाला) ठासून सांगेल. तो दुगड घराण्याचा. नशीपूर राजवाडाही यांचा नव्हे.

जाण्यासाठी नागपूरहून हावडा मेल किंवा गीतांजली, मग सियालदहहून लालगोला मार्गावरची गाडी, उतरायचं मुर्शिदाबाद स्टेशनला. शिखरजीला (झारखंडातलं जैन तीर्थ) जाणारी नागपूरची जैन मंडळी हे एकाच फेरीत जमवू शकतात, कारण तिथल्या मंदिरांच्या जीर्णोद्धारातही जगतशेठ घराण्याचं नाव आहे. काटव्याला उतरायचं असेल तर ती लाइन वेगळी, नदीच्या पलीकडून जाणारी, तेव्हा तिकीट काढतानाच बघून घ्या.